माझा भाऊ कुठं हाय

“आधी शास्त्र वाच, बाई. मग देवाला सवाल कर.”

भर चर्चमधी मंडळीचे पंच, म्हंजे आमचे मालक, मला असं बोलले. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका पदराआड हसल्या. माझ्या भावाला माती देऊन तवा नऊ दिवस झाले व्हते.

भाऊ माझ्या पाठचा. जतला आमच्या रानात पाणी न्हाई, म्हणून आमी दोघं सांगलीजवळ पंचांच्या मळ्यात कामाला. त्यांचं घराणं जुनं ख्रिस्ती, ऊस मोठा. आमी पण ख्रिस्तीच. पण चर्चमधी आमची जागा दाराजवळ, सतरंजीवर.

भाऊ गेला त्या सकाळी पंचांनी त्याला गाळ काढायला गोबरगॅसच्या टाकीत उतरायला सांगितलं. त्यो म्हणाला, “आत वास लय हाय, मालक.”

“तुमच्या लोकांना कसला आलाय वास? उतर.”

मी काठावर बादलीचा दोर धरून उभी. आतून एकदाच हाक आली, “अक्का.” मग काय न्हाई.

कबरीवर पंचांनीच प्रार्थना केली. देवाचा हेतू होता, म्हणाले. पुढच्या रविवारी मी एवढंच इचारलं, त्यो हेतू काय व्हता? त्यावर हे उत्तर.

मी चौथी शिकलेली. वाचायची सवय मोडलेली. तरी शास्त्र, म्हंजे आमचं बायबल, उघडलं, पार पहिल्या पानापासनं. भाकरी झाल्या की चुलीपुढं बसायची, बोट ठेवून अक्षरं जुळवायची. उजेड झाला. पाणी झालं. जनावरं झाली. मग मातीतनं माणूस. पंचांची माती येगळी, आमची येगळी, असं कुठं लिवलेलं सापडलं न्हाई. दोनदा वाचलं.

वाचताना पाठीमागनं “अक्का” ऐकू यायचं. वळून बघायची. कोण नसायचं. हाताला टाकीचा वास यायचा. राखेनं घासले तरी जायचा न्हाई.

मग त्या दोन भावांपाशी आले. थोरला धाकट्याला रानात नेऊन मारतो. देव थोरल्यालाच गाठतो, भाऊ कुठं हाय म्हणून इचारतो. सांडलेलं रगत मातीतनं देवाला हाका मारत असतं.

माझं बोट तिथंच थांबलं. म्हंजे हाका मला एकटीलाच ऐकू येत नव्हत्या. आन् देव हेतू हेतू करत गप बसला नव्हता. त्यानं मारणाऱ्याला इचारलं व्हतं.

रविवारी सतरंजीवरनं उठले. पंचांपुढं जाऊन उभी राहिले.

“माझा भाऊ कुठं हाय?”

“खाली बस.”

“आवं, टाकीत कुणी उतरवलं त्याला?”

प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांनी घाईनं गीत सुरू केलं. सगळे गायला लागले. मी गाण्यातच इचारत राहिले, घसा बसस्तोवर.

सोमवारी काम गेलं. मळ्यातली खोली गेली. मी बोचकं घेऊन सरळ पोलीस चौकीत.

हवालदार म्हणाला, “अपघात म्हणून लिहून झालंय, मावशी.”

“मग माझी जबानी लिवा. मी काठावर उभी व्हते.”

दुपारपर्यंत बसवलं. मी उठले न्हाई. शेवटी त्यानं कागद पुढं ओढला. टाकी, वास, मालकाचं बोलणं, शब्दाला शब्द सांगितलं. खाली सही केली.

उद्या खटला उभा राहिला तर कोर्टात पण हेच सांगणार. धमक्या येतील, तरी हेच. माणूस मारून देवाच्या नावाआड लपायला आता मी कुणाला जागा ठेवणार न्हाई.