सगळ्यांच्या आधी

मावशीच्या नवऱ्याला आम्ही पाठीमागे ‘निघूया’ म्हणतो. या माणसानं आयुष्यभर एकच पराक्रम केला: पार्किंगमधून गाडी सगळ्यांच्या आधी बाहेर काढली. स्वतःच्या निरोप समारंभातूनही हा साहेबांचं भाषण अर्धवट टाकून पळाला. सिनेमात शेवटचं संगीत सुरू झालं की याच्या हातात किल्ली आणि मावशीची फरफट.

परवा मी दोघांना सिनेसंगीताच्या ऑर्केस्ट्राला नेलं. पहिलीच रचना एका सिनेमाच्या शेवटाची निघाली. व्हायोलिनं वाजायला लागली मात्र, हा सवयीनं ताडकन उठला. “चला, गर्दी व्हायच्या आत!” आणि लोकांचे पाय तुडवत थेट बाहेर.

मध्यंतरात जाऊन बघतो तर स्वारी गाडीला टेकून उभी, चेहऱ्यावर मैदान मारल्याचा तोरा.

“बघ, एकही गाडी आडवी नाही.”

“काका, ती सुरुवात होती.”

“असू दे. मावशी कुठे राहिली तुझी?”

मावशी आत, त्याच्या खुर्चीवर पर्स ठेवून ऐसपैस बसली होती.

“मी शेवट ऐकूनच येणार,” ती म्हणाली. “त्यांना म्हणावं, तुम्ही निघा.”