पायानं मिळवलेला गुण

यंदा आमच्या गावच्या हायस्कूलच्या मुलींनी कबड्डीत बीदर जिल्हा जिंकला. शाळा लहान आहे. खेळाचे सर एकच, आणि तेही निम्मा वेळ समाजशास्त्र शिकवतात. मैदान शाळेचं नाही, गावच्या बाजाराची जागा आहे. गुरुवारी तिथे बाजार भरतो. शुक्रवारी सराव सुरू करण्याआधी मुली कांद्याची सालं, काचा आणि खिळे वेचतात. याआधी शाळेच्या नावावर उंच उडीत तालुक्याचा एक दुसरा क्रमांक होता, आणि खो-खोत तर तालुक्यापर्यंतही कधी मजल गेली नव्हती. त्या मानानं जिल्हा जिंकणं केवढं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी सगळे सामने जवळून पाहिले, कारण माझी मुलगी त्या संघात चढाई करते. ती नववीत आहे.

तिची उंची बेताची आणि हात आखूड. जे काही आहे ते पायात. उजवा पाय असा झटकन लांबतो, की समोरची मागे सरेपर्यंत अंगठा तिच्या नडगीला लागून परत आलेला असतो. सरावात तिला कुणी धरू शकत नव्हतं.

तालुक्याच्या सामन्यात मात्र भलतंच घडलं. समोरच्या संघातल्या एका मुलीला तिनं पाय लावला, आणि वळून पळायचं सोडून खाली वाकली. त्या मुलीच्या पायाला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला लावला. तेवढ्यात तिघींनी तिला धरलं.

बघणाऱ्यांत हशा पिकला. मला हसू आलं नाही, कारण काय झालं ते मला कळलं होतं. चुकून कुणाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. पुस्तकाला लागला, केरसुणीला लागला तरी करतात. हे मुलीला कुणी बसवून शिकवलं नाही, घरात पाहून पाहूनच आलं. सरावात समोर वर्गातल्या मैत्रिणी असायच्या, आणि त्यांच्याशी ही सवय केव्हाच सुटली होती. परक्या मुली समोर आल्या तशी ती पुन्हा जागी झाली. म्हणून सरांनाही आधी पत्ता नव्हता.

नुकसान किती, तेही सांगतो. पाय लावून ती मध्यरेषेला परत आली तर गुण आपला आणि बाद त्यांची. वाकली आणि धरली गेली तर गुण त्यांचा आणि बाद आपली. म्हणजे एका नमस्कारात दोन गुणांचा फरक. तालुक्याला तिनं असे तीन नमस्कार केले. तरी आम्ही जिंकलो, ते संघनायिकेच्या पकडींमुळे.

सर करजगीकडचे, घरी कन्नड बोलणारे. मराठी इथे येऊन शिकले. मुलींना ते तंगी म्हणतात, धाकटी बहीण म्हणून. सामना संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"तंगी, तू कबड्डी खेळायलीस का देवळात आलीस?"

"सर, म्या मुद्दाम न्हाई करत. हात आपसूक जातो."

"मग हाताला सांग की."

"सांगितलं सर. ऐकत न्हाई."

सरांना हसू फुटलं, पण निर्णय त्यांनी बदलला नाही. बीदरला चढाई दुसरी मुलगी करील आणि हिनं कोपऱ्यात पकडीला उभं राहायचं. तोवर सवय सुटलेली दिसली तरच पुढचं बघू.

चढाई हेच तिला येत होतं आणि तेच तिला हवं होतं. त्या दिवशी ती घरी रडली नाही, पण भाकरी अर्धी ठेवून उठली. तिची आई म्हणाली, "चांगली सवय हाय ती. मोडायची कामून?"

"मग चढाई सोडू का अव्वा?"

"तसं म्या कुठं म्हणलं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात रेघ मारली आणि म्हणालो, मी परका आहे असं समज, पाय लाव आणि पळ. तिनं पाय लावला आणि वाकली. पुन्हा लावला, पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, तशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अप्पा, तुमाला पाय लावून पळू? लोक काय म्हणतील?" बरोबरच होतं. सरावाला माणूसच चुकीचा निवडला होता.

तोडगा निघाला तो संघनायिकेच्या थट्टेतून. तिच्या घरी दखनी उर्दू बोलतात आणि तिच्या जिभेला हाड नाही. सरावानंतर सगळ्या पाणी पीत बसल्या असताना ती माझ्या मुलीला म्हणाली, "अगे, मॅच के पैलेच सबके पांव पड जा ना. होलसेल में!" सगळ्या खिदळल्या. माझी मुलगी हसली नाही. ती उठून थेट सरांकडे गेली.

"सर, आधीच पाया पडून घेतलं तर चालतं का? नियमात बसतं का?"

सरांनी विचार केला. "नियमात चालत न्हाई असं कुठं लिहिलं न्हाई. बाकीच्या हात मिळवतात, तू पाय धर." मग बोट दाखवून म्हणाले, "उपांत्य सामन्यात पहिली चढाई तुझी. वाकलीस, की सरळ कोपरा."

बीदरला आम्ही आदल्या दिवशीच गेलो. मुलींची सोय शहरातच मैलूरला माझ्या मेहुणीच्या घरी केली होती. सकाळी मैदानावर दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले. आमच्या मुली हात मिळवत पुढे सरकत होत्या आणि माझी मुलगी प्रत्येकीच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावत होती. समोरच्या संघातली एक ओरडली, "अगं बया, ह्या तर आधीच हरल्या!"

पहिली चढाई. माझ्या मुलीनं त्याच ओरडणाऱ्या मुलीला पाय लावला. तिचा हात किंचित हलला, तो मी पाहिला. पण पाठ वाकली नाही. ती वळली आणि रेषेच्या अलीकडे आली. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त एक मोठा श्वास सोडला. तो सामना आम्ही ३१-२२ असा घेतला.

अंतिम सामन्यात आमच्यासमोर येणारा संघ कडेला बसून हे सगळं बघत होता. त्यांच्या कोपऱ्यात एक उंच मुलगी खेळायची, दोन वेण्या घट्ट बांधलेली. हस्तांदोलनाच्या वेळी माझी मुलगी तिच्यापुढे वाकली, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"मला नको."

"ताई, एकदाच पडते."

"नको म्हणलं ना. राहू दे तुझ्यापाशीच."

मला वाटलं, लाजली असेल. सरांच्या मात्र लगेच ध्यानात आलं. "ही पोरगी हुशार हाय. नमस्कार बाकी राहिला, की आपली तंगी चढाईत वाकंल," ते म्हणाले, आणि त्यात राग नव्हता, कौतुकच होतं.

चाल बरोबर बसली. माझ्या मुलीनं बाकीच्यांना पाय लावले, गुण आणले, पण त्या उंच मुलीकडे ती एकदाही वळली नाही. ते त्या मुलीला कळलं, आणि माझी मुलगी ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ती येऊन उभी राहू लागली. आमची आघाडी वितळत गेली. शेवटच्या चढाईला गुण २४-२४ होते. समोर त्यांच्या दोघीच उरल्या होत्या, एक ही उंच मुलगी आणि दुसरी पार मागे, हाताला न लागणारी.

सरांना चढाईला दुसरी मुलगी पाठवता आली असती. मीही तेच केलं असतं. पण त्यांनी संघनायिकेकडे बघून होकारार्थी मान हलवली, आणि तिनं माझ्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. "जा. मेरे को घर जाने की जल्दी है."

ती कबड्डी कबड्डी म्हणत आत गेली. उंच मुलीनं मुद्दाम एक पाय पुढे टाकला. "ये, लाव पाय," ती म्हणाली. माझी मुलगी डावीकडे झुकली, परत मधे आली, दम संपत आलेला मला कानानं कळत होता. मग पाय गेला आणि लागला. त्याबरोबर हातही खाली निघाला. तो गुडघ्याच्या खाली गेलेला मी पाहिला आणि मनात म्हटलं, संपलं.

पण पाय थांबले नाहीत. ती वळली, पळाली, आणि मध्यरेषा ओलांडली तेव्हा तो हात तिच्या कपाळाला लागलेला होता. नमस्कार तिनं केलाच, पण धावता धावता केला. पंचांनी आमच्याकडे बोट वर केलं आणि लांब शिट्टी वाजवली.

आमच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. ही त्यांतून सुटून पलीकडे गेली. उंच मुलगी लाल मातीत बसून डोळे पुसत होती. हिला पाहून तिनं दोन्ही पाय लांब केले.

"पड आता. किती पडायचं तितकं पड."

ही पाया पडली. मग तिच्याच शेजारी बसली.

"तुला थांबावं वाटलं न्हाई का?" उंच मुलीनं विचारलं.

"लई वाटलं. पाय थांबले न्हाईत."

"मी सहा मिनटं तुझ्यापुढं नाचत होते आन् तुझे पाय थांबले न्हाईत व्हय!" आणि ती हसली.

पुढे कलबुर्गीला विभागाच्या पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो, १९-३४. समोरचा संघ आमच्यापेक्षा चांगला होता, यात काही शंका नाही. आमच्या एकोणीस गुणांपैकी अकरा माझ्या मुलीचे. तिथे सामन्याआधी ती कुणाच्याही पाया पडली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, आता पळता पळता जमतंय, मग त्यांचा वेळ कशाला घ्यायचा. येत्या साली पहिली चढाई तिचीच, हे सरांनी परतीच्या बसमध्येच सांगून टाकलं.