करडईचं तेल आणि लाल गाडीचे ब्रेक

चोपन्नाव्या वर्षी मी लाल रंगाची, दोनच सीटांची, जमिनीला पोट लावून पळणारी गाडी घेतली. नवी कुठली, पुण्याच्या एका हौशी माणसाची जुनीच होती. मी दातांची डॉक्टर. जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणत आले. गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं न सांगता आ केला. नवऱ्यानं शांतपणे विचारलं, की आपल्या शहरात हिला पळवायला रस्ता कुठं आहे. मी म्हटलं, रस्ता होईल कधीतरी, गाडी तर आली. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही बेताचीच असते, हे पुढं कळलं.

गाडीत खोट एकच होती. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथड उडायचं आणि गाडी थांबण्याआधी थोडा विचार करायची. मी इतकी हरखलेली होते की मला तेही गोड वाटायचं. एखाद्याचं मूल बोबडं बोललं की त्याची आई जशी सगळ्यांना ऐकवत फिरते, तसं मी ओळखीच्यांना 'बघा कशी थरथरते' म्हणून फेरी मारून आणायची.

मग माझे वडील आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पाचोडला शेती, वय अठ्ठ्याहत्तर, कवळी मी बसवलेली. ती घासत होती म्हणून ते एसटीनं आले होते. मी त्यांना स्टँडवर घ्यायला गेले, ते दोनदा वाकून एकदाचे सीटवर बसले आणि आम्ही निघालो. क्रांती चौकात सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला, गाडी थरथरली, विचारात पडली आणि पांढऱ्या पट्ट्याच्या पुढं जाऊन एका रिक्षाच्या मागच्या चाकाला नाक लावून उभी राहिली. शिट्टी वाजली. रिक्षावाला मागं वळून माझ्या खानदानाची चौकशी करू लागला. आबांनी दार उघडलं, धोतर सावरलं आणि त्याच रिक्षात जाऊन बसले.

घरी पोचल्यावर एवढंच बोलले. "गाडी झ्याक हाय माय. पण जे थांबत नाय, त्यात मी बसत नाय."

मला ते लागलं. आमच्या शेतावर पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा आबांनी भावाला शिकवला आणि मला म्हणाले, तू अभ्यास कर. मी अभ्यास केला, डॉक्टर झाले, तक्रार काही नाही. पण एकदा तरी आबांना शेजारी बसवून, गाडी मी हाकत, पारासमोरून आमच्या घरापर्यंत न्यायचं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. खरं सांगायचं तर गाडी मी त्यासाठीच घेतली होती. आता ती इच्छा ब्रेकवर येऊन अडली.

दुसऱ्याच दिवशी गाडी उस्तादांकडे नेली. चिकलठाण्याला त्यांचं गॅरेज. हाताखाली कुणी नाही, एकटेच सगळं करतात, आणि बोलताना गाडीकडं बघतात, मालकाकडं नाही. त्यांनी पुढचं चाक काढलं आणि माझं बोट धरून डिस्कच्या कडेवरून फिरवलं. डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. त्या थाळीला घासून घासून चांगली नखभर कड आली होती. उस्तादांनी जाडी मोजली आणि मान हलवली. पुढच्या दोन्ही डिस्क बदला, पॅडही बदला, म्हणाले.

आणि मला खेळ मिळाला. डिस्क साध्या येतात, भोकं पाडलेल्या येतात, तिरप्या खाचा पाडलेल्या येतात. पॅडचे प्रकार तर लुगड्यांना लाजवतील. पुढचे आठ दिवस मी दोन पेशंटच्या मधे तेच वाचत होते. एका बाईंच्या अक्कलदाढेचं काम करताना मी त्यांना खाचेतून गरम वायू कसा बाहेर जातो ते समजावून सांगितलं. तोंडात कापूस असल्यामुळं त्यांना विरोध करता आला नाही. नवरा जेवताना भाकरीला भोकं पाडून 'ही गार लवकर होईल का गं' असं विचारायचा. मी हसायची आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालायची. लग्नाचा शालूसुद्धा मी अर्ध्या तासात घेतला होता.

शेवटी मी खाचांच्या डिस्क आणि शर्यतीच्या गाड्यांचे पॅड पसंत केले. पॅड निळ्या रंगाचे होते. निळे का, तर लाल गाडीला शोभतील म्हणून. ते चाकाच्या आत असतात, कुणाला दिसत नाहीत, हे मला माहीत होतं. उस्ताद फोनवर सांगू लागले की हे पॅड रस्त्यावरचे नव्हेत, पण मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. यातलं पहिलं मला कधीच जमलं नाही.

पार्सल आलं खंडेनवमीच्या सकाळी. आबा दसऱ्याला आमच्याकडे आलेले होते. मी खोका फोडला, डिस्क हातात घेऊन घरभर नाचले, एका डिस्कमध्ये स्वतःचं तोंड बघितलं आणि सगळं जेवणाच्या टेबलावर मांडून दवाखान्यात गेले. जाताना आबांना सांगितलं, बघा, आता थांबेल माझी गाडी.

संध्याकाळी परत आले तर बैठकीत पाट मांडलेला. पाटावर घरातला विळा, सुरी, हातोडी, माझा दात काढायचा जुना चिमटा, आणि मधोमध माझ्या दोन डिस्क आणि चारही पॅड. झेंडूची फुलं, हळदकुंकू, समोर नारळ. फार देखणं दिसत होतं. मी जवळ गेले आणि माझ्या नाकात करडईच्या तेलाचा वास शिरला. डिस्क चमकत होत्या. पॅड तर ओलेगच्च होते, निळ्याचे काळे झालेले. आबा शेजारी फडक्याला हात पुसत बसले होते, प्रसन्न.

"कोरडं लोखंड ठिवू नाय," ते म्हणाले. "चांगलं दोनदा पाजलं."

आमच्याकडे हे असंच असतं. खंडेनवमीला विळाखुरपं घासायचं, तेल पाजायचं, पूजा करायची. आबांनी साठ-पासष्ट वर्षं केलं तेच केलं होतं. पण ब्रेकच्या पॅडला तेल म्हणजे गाडीचा ब्रेकच काढून टाकणं. तेल लागलेला पॅड धरत नाही, घसरतो, आणि त्यात मुरलेलं तेल काही केल्या निघत नाही. माझा राग नाकावरच असतो, तो तिथून तोंडात उतरला. मी ओरडले. विचारायचं तरी, म्हणाले. कळत नाही त्याला हात कशाला लावायचा, असंही म्हणाले. हे वाक्य मी माझ्या बापाला म्हणाले, खंडेनवमीच्या दिवशी, त्यांनी मांडलेल्या पूजेसमोर उभी राहून.

आबांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सोनं वाटायच्या आत, ते एसटीनं पाचोडला गेले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या गाडीत बसणार नाही म्हणाले होते, तिच्यासाठी त्यांनी पाट मांडला होता. मी दवाखान्यात बसून रडले, आणि दसऱ्याला दवाखाना बंद असतो म्हणून निवांत रडता आलं.

उस्तादांनी पॅड नाकाशी नेला. "डॉक्टरसाब, डिस्कां मैं धो के देतूं. पॅडां तेल पी गये. इसपे अब भजे तलो." मी इतक्या दुःखातही फस्सकन हसले, आणि ते पहिल्यांदाच गाडीकडं न बघता माझ्याकडं बघून हसले.

बाजाराच्या दिवशी मी नवऱ्याची गाडी घेऊन पाचोडला गेले. आबा बाजारात मिरच्यांच्या ढिगापाशी उभे होते. मी आपट्याची सुकलेली पानं त्यांच्या हातावर ठेवली, पाया पडले आणि म्हटलं, आबा, चुकलं माझं. त्यांनी पानं खिशात ठेवली. मिरच्यांचा भाव पुरता होईपर्यंत मला तिष्ठत ठेवलं, तो त्यांचा हक्कच होता. मग विचारलं, की ते सामान पार वाया गेलं का. मी म्हटलं, थाळ्या वाचल्या, पॅड गेले.

"मंग दुसरे घिऊ," ते म्हणाले. "ह्या बारीला मी बघतो."

अशा रीतीनं आबा माझ्याबरोबर जालना रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानात आले. दुकानदारानं माझ्या मॉडेलला बसणारे तीन तऱ्हेचे पॅड काउंटरवर मांडले. मी पुन्हा निळ्यांकडं हात नेला. आबांनी एकेक पॅड उचलला, उलटा केला, नखानं खरवडला, तळहातावर तोलला. बैलबाजारात ते बैलाचे दात बघायचे तेव्हा चेहरा असाच असायचा. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"थंडीचं, सकाळच्या पारी, पयल्या दाबाला धरंल त्यो कंचा?"

दुकानदार माझ्याकडं बघून चाचरला. म्हणाला, निळे फार भारी, पण ते तापल्याशिवाय धरत नाहीत. शर्यतीत चार चकरा झाल्या की कुठं जागे होतात. गार असताना धरतील ते हे, आणि त्यानं एक राखाडी, कसलंच रूप नसलेली जोडी पुढं सरकवली. मी निळ्यांवरचा हात मागं घेतला. आठ दिवस वाचून मी गाडीला असे पॅड बसवणार होते, जे क्रांती चौकातल्या पहिल्या सिग्नलला झोपलेले राहिले असते. करडईच्या तेलानं मला वाचवलं होतं. हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, की मग नारळ फुकट गेला नाही.

राखाडी पॅड बसले. उस्तादांनी बजावलं, की नवे पॅड डिस्कशी रुळवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर गाडी ऐंशीला न्यायची, दाबून वीसवर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा पळवायची. असं दहा वेळा. मग ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता बराच वेळ चालवून गार होऊ द्यायचं. आबा शेजारी उभे राहून ऐकत होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "गोऱ्हा जुवाला लावायचा म्हन की," ते म्हणाले. कोवळ्या बैलालाही असंच पळवायचं, आवरायचं, पण उभं राहू द्यायचं नाही, नाहीतर त्याला उभं राहायचीच खोड लागते. आणि माझ्या मनात अजून विचारावं की नको चाललं होतं, तोवर ते दार उघडून आत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचा बीडचा रस्ता, मागं-पुढं कुणी नाही. आबांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. पळव. धर. सोड. पळव. तिसऱ्या वेळी ब्रेक दाबला तसे ते पुढं झुकले, कवळी हलली, ती त्यांनी काढून रुमालात बांधून खिशात टाकली आणि बोळक्या तोंडानं 'पळव' म्हणाले. सहाव्या वेळी जळका वास सुटला आणि आम्हा दोघांना हसू आवरेना. ढाब्यावरचा एक माणूस तांब्या हातात धरून ही लाल गाडी पळते काय, मंदावते काय, बघत उभा राहिला. आठपर्यंत आबांनी बोटांवर मोजले, नववा मी मोजला, दहाव्या वेळी गाडी अशी सरळ आणि मऊ आवरली की स्टिअरिंगला माझ्या हातांची गरजच उरली नाही. मी लहान मुलीसारखी किंचाळले. आबा म्हणाले, रुळलं.

आता गार करायचं होतं. तशीच पुढं पाचोडच्या दिशेनं निघाले. थोड्या वेळानं पारासमोरून जायचंय ना आबा, असं विचारायला वळले, तर आबा झोपलेले. मान काचेला टेकलेली, हात मांडीवर उघडे. मी त्यांना दुसऱ्या कुणाच्या गाडीत झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. एसटीत ते दांडा धरून बसतात. भावाच्या जीपमध्ये उजवा पाय खाली दाबून स्वतःच ब्रेक मारत असतात.

पुढं आडूळजवळ रस्त्यावर गुरं उतरली होती. मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि इतका हळू दाबला की त्यांची मान काचेवरून हललीसुद्धा नाही.