कानाने जेवणारे कुडुमकाका

कुडुमकाका चकली आधी कानाशी नेऊन मोडत. 'टक्' वाजली तरच तोंडात, नाहीतर बशीत परत. करणारी समोर उभी का असेना! अमेरिकेत, एडिसनमधल्या माझ्या पहिल्या दिवाळीत माझी चकली अशीच परत आली. "चव ठीक आहे गं, पण ही चकली नाही, सुतळी आहे. ओव्हनमध्ये टाक दहा मिनिटं." अस्सा राग आला होता! पण टाकली, आणि मेली झाली की हो कुरकुरीत.

तेव्हापासून शनिवारचा चहा काका-काकूंकडे. पोह्यांवर शेव पडली की हा रिटायर्ड इंजिनियर गप्पा बंद करायला लावी. "आधी खा, मऊ पडेल!" खिचडी दिसली की तोंड वाकडं. "चावायला काही नसेल तर जेवलो हे कळणार कसं?" काकू म्हणायच्या, "यांची भूक पोटात नाही, दातांत आहे."

मग स्ट्रोक आला. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, आणि गिळता येईना. थेरपिस्टने बजावलं, फक्त वाटलेलं, गुळगुळीत अन्न द्यायचं. काकांनी तोंडच मिटलं. दिवसेंदिवस खंगत चालले, काकू रडकुंडीला आल्या. मी शहाणी! म्हटलं, चव तर तीच ना? चकल्या दुधात भिजवून मिक्सरमधून काढल्या. काकांनी चमचाभर जिभेवर घेतलं आणि डोळ्यांत पाणी आलं. "मारलीस गं तिला," कसंबसं बोलले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्यात एक चकली उरली होती. काकांनी तिच्याकडे बोट केलं. "नाही हं!" काकू ओरडल्या. काकांनी बोट माझ्या तोंडाकडे नेलं, मग स्वतःच्या कानाकडे. मी वाकून त्यांच्या कानाशी चकली चावली. कुडुम! काकांनी आ केला, काकूंनी पटकन चमचा भरवला. गिळला हो!

मग रोज ऑफिस सुटलं की मी तिकडे. माझी एक चकली, त्यांची एक वाटी. दोन महिने असं चाललं.

एका गुरुवारी ऑफिसचा कॉल लांबला. 'आज कॅन्सल करते, उद्या नक्की,' असा काकूंना मेसेज टाकला. काकूंची कवळी, त्यांना कुठली चकली चावतेय? काका न जेवता झोपले आणि पहाटे गेले. दुसरा स्ट्रोक, जेवणाशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. नसेल. पण माझा काका उपाशी गेला.

भेटायला गेले तेव्हा काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पाठीवर हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "चमचा नेला की मान फिरवायचे गं. दाराकडे कान लावून बसले होते."