उशाखालचा रोटर

आमच्या भाऊजींनी निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्या गावाला गाडीसमोरून पळायला. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळा म्हणाल तर एक जुनी चौकोनी गाडी, टपावर पाटी आणि मास्तरांच्या पायाशी बसवलेला जादा ब्रेक. शिकणाऱ्याने क्लच धाडकन सोडला की भाऊजी डोळे मिटून म्हणायचे, "हळू, बाई, हळू. क्लच आहे तो, झुरळ नाही." मला त्यांनी दोनदा शिकवायला घेतलं आणि दोनदा सोडून दिलं. "मेव्हणीबाई, तुम्ही रागात गाडी चालवता," म्हणाले. हे कोणी सांगावं? त्यांनी!

तरुणपणी यांचा राग कायम नाकावर. ताईशी भांडण झालं की उलट बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. किल्ली उचलायची, गाडीत बसायचं आणि चालू पडायचं. आधी तासाभराने परत यायचे, मग दुसऱ्या दिवशी. आणि एकदा, माझा भाचा नुकता पावलं टाकायला लागला होता तेव्हा, पहाटे ताई झोपेत असताना डोक्यात राख घालून गेले ते अख्खा उन्हाळा आलेच नाहीत. दुसरी बाई-बिई काही नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडायला कोणीतरी मिळालं असतं. नुसता राग! ताई उठली तेव्हा अंगणात गाडीच्या जागी तेलाचा डाग तेवढा होता. त्या डागाकडे बघत ती कशी बसली होती ते मी पाहिलंय, म्हणून तो उन्हाळा मी भाऊजींना कधी माफ केला नाही. शेजारीपाजारी सांगितलं, परगावी काम मिळालंय. पोर मोठं झाल्यावर त्यालाही तेच सांगितलं.

पाऊस पडायला लागला तेव्हा परत आले. ताईने दार उघडलं, पण दारातून हलेना. मी मागे, पोराला कडेवर घेऊन. भाऊजी मागे फिरून अंगणात गेले, गाडीचं बॉनेट उघडलं, आतून काहीतरी काढलं आणि आणून ताईच्या हातावर ठेवलं. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी.

"हा रोटर," म्हणाले. "इंजिनात चार प्लग असतात, त्यांना पाळीपाळीने करंट वाटायला एक डबा असतो, डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. त्याच्यात हा फिरतो. हा नसला की गाडी जागची हलत नाही. आता रोज संध्याकाळी हा तुझ्याकडे. तू दिल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही."

माणूस माफी मागतोय की इंजिन शिकवतोय, मला तर कळेना. ताईला कळलं. ती बाजूला झाली.

तेव्हापासून तो नेम. संध्याकाळी गाडी लावली की बॉनेट उघडायचं, रोटर काढायचा, रुमालाने पुसायचा आणि घरात शिरताच, पोराच्या नकळत, ताईच्या हातावर ठेवायचा. लोकांना सांगायचे, चोरीची भीती. त्या खटाऱ्याला कोण चोरणार होतं! ताई तो रात्री उशाखाली ठेवायची. सकाळी कितीही लवकरचा विद्यार्थी असो, तिला उठवल्याशिवाय यांना घर सोडता येत नसे. "अगं, ऊठ. दे." ताई कुरकुरायची, "मेलं सुखाने झोपू म्हणून देत नाहीत," आणि उशाखाली हात घालायची. भांडण झालेलं असलं की मुद्दाम वेळ लावायची. एकदा तर दुपारपर्यंत दिलाच नाही. बाहेर तीन विद्यार्थी ताटकळत, आणि मास्तर ओट्यापाशी उभं राहून मुकाट्याने चहाची भांडी विसळतायत!

पुढे मूळचा रोटर झिजला. तसला बाजारात मिळेनासा झाला होता, म्हणून भाऊजींनी दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आणून कानशीने घासून घासून बसवला. तसा जगात तो एकच. ताईने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं.

मग एका सकाळी, ताईने रोटर द्यायच्या आधीच, भाऊजी छाती धरून पलंगावर बसले. रुग्णवाहिका आली. मोठं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर ताईला जवळ बोलावून पुटपुटले, "ते नीट ठेव. मी आलो की दे." डॉक्टरांना वाटलं अंगठी असेल.

माझा भाचा धावत आला. दुसऱ्या शहरात तो गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचंच काम करतो, हाताला भारी गुण आहे त्याच्या. त्याच्या मनात एकच, बाबांना घरी आणायचं ते त्यांच्याच गाडीतून. किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हत राहिलं. बॉनेट उघडून बघतो तर डिस्ट्रिब्यूटरमध्ये रोटरच नाही.

"आई, बाबा रोटर काढून कुठे ठेवतात?"

"मला काय कळतंय त्यातलं," ताई म्हणाली. पदराच्या गाठीत रोटर!

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, देऊन टाक ना त्याला."

"त्यांनी सांगितलंय, ते आल्यावर."

"मग सापडला म्हण. कपाटामागे सापडला म्हण. खोटं बोलायचंच तर निदान कामाचं तरी बोल!"

"आणि तो म्हणाला, तुझ्याकडे कसा, तर? काय सांगू? तुझा बाप आपल्याला टाकून गेला होता म्हणून? ते तिकडे नळ्या लावून पडलेत आणि मी इकडे हे सांगू?" आणि मला शपथ घातली. आमच्या घराण्यात हट्ट सगळ्यांना सारखा वाटून आलाय. मी कपाळाला हात लावला आणि मूग गिळून गप्प बसले. का बसले? आजही माझा मलाच संताप येतो.

पोराने सुट्या भागांचा बाजार पालथा घातला. बसेल असा रोटर मिळेना, कुठून मिळणार? त्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणालाही तडा. शेवटी म्हणाला, "मावशी, हे जुनं प्रकरण मुळापासूनच काढून टाकतो." आणि अंगणात चटई पसरून कामाला लागला. काय तो उत्साह! जेवायला हाका मारून माझा घसा बसला. पुढच्या पुलीवर दात्यांची चकती बसवली, तिच्याशेजारी सेन्सर. चार प्लग, प्रत्येकाच्या डोक्यावर करंट देणारी त्याची स्वतःची कॉइल. मला समजावत होता, "आता करंट वाटत बसायला मध्ये कोणी नको. इंजिन फिरताना कुठवर आलंय ते हा सेन्सर सांगणार, आणि कोणी कधी ठिणगी टाकायची ते ही कॉम्प्युटरची पेटी ठरवणार." डिस्ट्रिब्यूटर होता तिथे एक गोल झाकण घट्ट आवळलं. ताई खिडकीतून बघत होती. तो डबा भंगारात गेला तेव्हा तिचा हात पदराच्या गाठीवर होता.

किल्ली जेमतेम फिरवली आणि गाडी सुरू. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

भाऊजींना त्यातूनच घरी आणलं. मागे उशीला टेकून बसले होते. थोडं पुढे आल्यावर म्हणाले, "गाडी कोणाची आणलीस रे?"

"बाबा, तुमचीच!"

अंगणात उतरल्यावर पोराने मोठ्या हौसेने बॉनेट उघडून दाखवलं. भाऊजी वाकून बघत राहिले. त्या गोल झाकणावरून त्यांनी बोट फिरवलं. मग मान वर केली. दारात ताई उभी होती, आरतीला उभं राहावं तशी नाही, आरोपीसारखी. मूठ मिटलेली. ते आले की द्यायचा म्हणून रोटर काढून तयार ठेवला होता तिने. भाऊजींनी ती मूठ पाहिली आणि त्यांना सगळं कळलं.

"सुरेख केलंस, बाळा," पोराला म्हणाले. "फार सुरेख केलंस." आणि ताईपुढे हात न करताच आत गेले.

पोर खूश होऊन आपल्या कामावर परत गेलं. मी ताईच्या मदतीला राहिले. संध्याकाळी भाऊजी अंगणातून घरात यायचे, ताई हात पुसत पुढे व्हायची आणि मग दोघं तशीच उभी राहायची, पाहुण्यांसारखी. शेवटी मला राहवेना. "एखादा फ्यूज काढून द्या की तिला!" भाऊजी हसले. "फ्यूज काय, कुठल्याही दुकानात मिळतो, मेव्हणीबाई." ताई म्हणाली, "राहू दे गं. आता कशाला? म्हातारी झालो." पण झोपताना तिचा हात उशाखाली जायचा, मी बघत होते.

डॉक्टरांनी सकाळची एक शिकवणी घ्यायला परवानगी दिली. त्या दिवशी मी चहा ठेवत होते. भाऊजी बूट हातात घेऊन पावलं न वाजवता बाहेर आले. मी म्हटलं, "ताईला हाक मारू का?"

"झोपू दे तिला," म्हणाले. "इतकी वर्षं झोपमोड केली. आता उठवायचं काही कारणच राहिलं नाही."

पूर्वी ती गाडी सुरू होताना अख्खी गल्ली जागी व्हायची. आता खोकलीसुद्धा नाही. फाटकातून कधी गेली ते मलाही कळलं नाही.

ताई उठली. खिडकीपाशी गेली. अंगणात गाडी नव्हती, तेलाचा डाग होता. "गेले?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अगं, मैदानावर गेलेत, शिकवणीला."  ती नुसती डागाकडे बघत उभी राहिली. मी तिच्या हातात चहाचा कप दिला, तोवर फोन वाजला.

शिकायला आलेली मुलगी गाडीशेजारी कितीतरी वेळ नुसतीच उभी होती म्हणे. मास्तर डोळे मिटून बसलेले, इंजिन चालू. मास्तर तर डोळे मिटायचेच! तिला वाटलं, आता काहीतरी चिडवतील.

डॉक्टर म्हणाले, घरी असते तरी हेच झालं असतं. झालं असतं हो! पण ताई जागी असती. "अगं, ऊठ. दे," एवढं तरी कानावर पडलं असतं तिच्या.

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही पलंग हलवला, गादी उचलली. भाच्याने उशी झटकली आणि रोटर टणकन फरशीवर पडला. त्याने उचलून उजेडात धरला, पितळेवर बोट फिरवलं.

"आई, हा तर तो रोटर! कुठे होता?"

मी ताईकडे बघितलं. म्हटलं, आता तरी सांगेल.

"सापडला," ताई म्हणाली. "कपाटामागे सापडला."

"तेव्हाच सापडला असता तर मी गाडीला हातसुद्धा लावला नसता गं," तो म्हणाला. बिचारा सहज बोलून गेला.

"हो ना रे," ताई म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "दे."