घोडीवरची पाण्याची वाटी

महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात फोटो काढून घ्यायचं खूळ आलं, तेव्हा मी सुतारकी करत होतो. इथल्या फोटोग्राफरचा जुना सागवानी कॅमेरा दोघांनी मिळून उचलावा लागे, आणि त्याची विलायती तिवई त्या ओझ्यानं थरथरायची. तिच्या जागी मी त्याला बाभळीची दणकट घोडी करून दिली. घोडीच्या खालच्या फळीवर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवायची आणि घोडीला धक्का देऊन बघायचा. पाण्यावर सुरकुती उठली नाही तरच काम पुरं झालं म्हणायचं, ही माझी रीत. घमेंडच म्हणा. फोटोग्राफरला ही रीत इतकी आवडली की वाटी तिथंच राहिली. रोज सकाळी तो ती भरायचा.

एका दुपारी पन्हाळ्याकडून बैलगाडी आली. तापानं गेलेलं वर्षाचं पोर बाई मांडीवर घेऊन बसली होती. पुरण्याआधी त्याचा एक फोटो तिला हवा होता. ती आत येऊन जमिनीवरच बसली, खुर्चीवर बसेना, म्हणून कॅमेरा खाली आणायला मला बोलावणं आलं. मी घोडीचे पाय हातभर कापले, वाटी परत ठेवली. पाणी निवांत होतं. फोटोग्राफरनं कॅमेऱ्याचं झाकण काढून आकडे मोजले. तेवढ्या वेळात जे हलेल ते काचेवर पुसट उमटतं, एवढं मलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी पोराला पंचगंगेच्या काठी पुरलं.

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरनं मला काच दाखवली. बाईचा चेहरा, लुगड्याचे काठ, पोराच्या पापण्या, सगळं लख्ख होतं. फक्त पोराची उजवी मूठ पुसट होती.  

आठवड्यानं बाई फोटो न्यायला आली. मी मुद्दाम थांबलो होतो. तिनं फोटोतल्या पुसट मुठीवर बोट ठेवलं आणि मान वर न करता बोलली.

“तवा त्यानं माझं बोट धरल्यागत वाटलं हुतं. म्हटलं, मलाच याड लागलंय. खरं सांगा, पोर हललं हुतं का?”

“न्हाय बाई,” मी म्हणालो. “माझी घोडी हलली.”

असली कबुली मी जन्मात कुणापुढं दिली नव्हती. ती उठली, घोडीजवळ गेली आणि दोन्ही हातांनी धरून, होता नव्हता तो सगळा जोर लावून तिनं ती ढकलली.

वाटीतलं पाणी हललं नाही.