मुंग्या लागलेला शर्ट

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. उलव्यातलं ते प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि आठवलं की मला एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तरी सकाळी फिरायला निघालो आणि एखाद्या अर्धवट इमारतीतून फळी आपटल्याचा आवाज आला, की पाय थबकतात. बायको म्हणते, आता तरी सोडा. सोडणार कसं, चूक माझी होती.

तेव्हा मी पनवेल परिसरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवारी सकाळी हजेरी चालू असतानाच फोन आला. बोलणारा उलव्यातल्या एका टॉवरमध्ये राहणारा, बँकेत नोकरी करणारा गृहस्थ होता.

"साहेब, काल संध्याकाळी आमच्या समोरच्या अंडर कन्स्ट्रक्शन बिल्डिंगमध्ये मर्डर झालाय. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

"काल संध्याकाळी झाला आणि आज सांगताय?"

"मिसेस म्हणाली, आपण कशाला मध्ये पडायचं? मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सगळे म्हणाले, पोलिसांना कळवा."

म्हणजे पोलिसांच्या आधी अख्ख्या सोसायटीने खून बघून घेतला होता. व्हिडिओ जेमतेम वीस सेकंदांचा, लांबून काढलेला. तिसऱ्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर एक माणूस हात पुढे करतो, धाडकन आवाज होतो, समोरच्याच्या पांढऱ्या शर्टावर छातीशी लाल डाग उमटतो आणि तो कोसळतो. पुढे खांब आडवा येतो. मी तो पाच वेळा पाहिला आणि पाचही वेळा मला खूनच दिसला.

गाडी घेऊन आम्ही तिथे पोहोचलो. फाटकाशी गाडी वळताच तिथला वॉचमन पळत सुटला. खाडीच्या बाजूला चिखलात त्याला दोघा शिपायांनी धरला. तिशीतला, काटक, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीवरचा माणूस. स्लॅब पाणी मारून धुतलेला होता, तरी कोपऱ्यात तांबूस डाग राहिले होते. त्याच्या पत्र्याच्या खोलीत पिशवीत पांढरा शर्ट सापडला. छातीवर भोक आणि भोवती लाल, कडक झालेला डाग. पंचनामा झाला, शर्ट मुद्देमालात जमा झाला आणि वॉचमन चौकशीसाठी ठाण्यात आला. आता फक्त प्रेत मिळायचं बाकी आहे, असं मी वरच्या साहेबांना फोनवर सांगूनसुद्धा टाकलं.

प्रेत काही मिळेना. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी पंप लावून उपसलं. खाडीकाठच्या झाडीत माणसं घातली. मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत निरोप गेले, कारण भरतीने काहीही कुठेही जातं. दर तासाला वरून फोन, "बॉडी मिळाली का?" मी खुर्चीत बसत होतो, उठत होतो, पुन्हा वायरलेस रूमपर्यंत जाऊन येत होतो. मला खून उलगडायची घाई होती, आणि घाई झालेला पोलीस हातात असलेल्या माणसालाच गुन्हेगार करून टाकतो.

वॉचमन पहिल्यांदा म्हणाला, "कोन नाय आला व्हता." हे उघड खोटं होतं. हवालदाराने दोन थोबाडीत दिल्या. मी तिथेच उभा होतो आणि मी त्याला अडवलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

मग त्याने सांगितलं, "आलती पोरं, कागद व्हता त्यांच्याकडं. शेटला सांगू नका, माजी नोकरी जाईल. त्यांनी शिनेमा केला. कोन मेला नाय सायेब. तो पडला, मंग उटून च्या प्याला."

ठाण्यात सगळे हसले. मेलेला माणूस उठून चहा प्याला! हवालदार म्हणाला, "बिस्किटं पण खाल्ली असतील."

"खाल्ली," तो म्हणाला. "दोन मला दिली."

हा आपली टर उडवतोय असंच सगळ्यांना वाटलं. रविवार सकाळपर्यंत त्याला आम्ही बाकावर बसवून ठेवला. दर दोन तासांनी तोच प्रश्न, आणि त्याचं तेच उत्तर. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी आपली गोष्ट थोडी नीटनेटकी करत जातो, हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. हा माणूस एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हता. ते माझ्या कानांवर पडत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

बाहेर आवारातल्या झाडाखाली त्याची बायको येऊन बसली होती, कडेवर मूल घेऊन. मी आत-बाहेर करताना ती उभी राहायची. "सायेब, त्याला मारू नका. त्याच्या बापाला पन असाच न्यायचे, कुटं चोरी झाली का. म्हनून गाडी बगून पलतो तो." मी "बघू" म्हणून पुढे जायचो.

रविवारी सकाळी आमची मुद्देमाल सांभाळणारी महिला हवालदार वैतागून माझ्याकडे आली. बाई शिस्तीच्या. मुद्देमालाच्या खोलीत कुणाला डबासुद्धा नेऊ द्यायच्या नाहीत.

"सर, त्या खुनाच्या शर्टाला मुंग्या लागल्यात. खिडकीपासून रांग आहे. पाकीट पोखरून आत गेल्यात."

"मग झटका."

"झटकते हो. पण रक्ताला माशा येतात, सर. मुंग्या गोडाला येतात."

मी उठून धावतच गेलो. खरंच, काळ्या मुंग्यांची रांग सरळ त्या पाकिटात शिरत होती. वास घेतला. सरबताचा वास. इतकी वर्षं रक्त पाहिलेला मी, त्या शर्टाला एकदाही नाक लावलं नव्हतं.

वॉचमनला माझ्या खोलीत आणला, खुर्ची दिली. तो बसेना. शर्ट टेबलावर ठेवून विचारलं, "कसं केलं, मला दाखव."

त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग शर्टाचं भोक बोटाने वर उचललं. "हितं कापड आदीच कापला. तुकडा परत भाताच्या खलीनं चिकटवला. आत लाल पानी, पातल पिशवीत. तुकड्याला अन् पिशवीला तंगूस बांदला." तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, इथल्या खाडीकाठी घराघरात मिळते. "तंगूस माज्या हातात व्हता, मी खांबामागं. शिनेमावाली ताई बोलली, फली आपटली का खेचायचा. एकानं सेंट्रिंगची फली आपटली. मी खेचला. तुकडा उडाला, लाल पानी आला, तो पडला. मंग सलॅब मीच धुतला, शर्ट त्यांनी मला देऊन टाकला."

"आणि बंदूक?"

"पोरांची, पलाष्टिकची. तिला पन ताई पिशवीत बांदून ठेवायची, कोनाला हात लावू देत नव्हती."

म्हणजे गृहस्थांनी ऐकलेली गोळी सेंट्रिंगच्या फळीची होती. मी विचारलं, "पण तू परक्या माणसांना आत सोडलंसच कसं?"

"कागद व्हता ना. तुमचा शिक्का व्हता त्याच्यावर. ताईनी दाखवला म्हनून सोडली. काल बोललो मी, कागद हाय. तुमी सगली हसली."

आवक नोंदवही मागवली. गुरुवारची नोंद सापडली: लघुपटाच्या चित्रीकरणाबाबत अर्ज. फाइलमधून अर्ज काढला. इमारतीचं नाव, वार, वेळ, खेळण्यातली बंदूक वापरणार, दारू किंवा फटाका वापरणार नाही, सगळं स्वच्छ लिहिलेलं. खाली फोन नंबर. समासात निळ्या शाईने "पाहिले" असा शेरा आणि माझी आद्याक्षरं. तसाच शेरा आणि शिक्का असलेली प्रत मुलांकडे गेली होती, आणि मी तो कागद पाहिलाच नव्हता. गठ्ठ्यातल्या साठेक कागदांवर तशीच सही ओढली होती.

त्या नंबरवर फोन केला, आणि तासाभरात अर्ज करणारी मुलगी, वॉचमनची 'ताई', ठाण्यात आली. नवीन पनवेलची, पंचविशीची, वडील सरकारी कचेरीत. सोबत तिचा "मेलेला" मित्रही होता, हातात हेल्मेट घेऊन. त्याला जिवंत पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्याशी हातच मिळवला.

"सर, परमिशन घेतली होती आम्ही. बिल्डरच्या ऑफिसला तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. म्हणून वॉचमनदादांना तुमचा कागद दाखवला," ती म्हणाली. "दुसऱ्या एका सेटवर माझ्या मित्राच्या कपड्यांखाली फटाका लावला होता. त्याचा एक डोळा गेला. तेव्हाच ठरवलं, माझ्या शूटिंगला दारूचा कण नको. नळीतून निघणारा जाळ आणि धूर नंतर कॉम्प्युटरवर टाकायचा. बंदूक माणसावर न धरता हातभर बाजूला धरायची, कॅमेऱ्यात ती समोर धरल्यासारखीच दिसते. प्रत्येक शॉटआधी सगळ्यांना तीनदा सांगायचं. कुणाला ओरखडाही आला नाही, सर."

इतक्यात बाकावर बसलेला वॉचमन तिला दिसला. त्याचा गाल सुजला होता.

"समोरच्या सोसायटीत सांगायला हवं होतं मी," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, पोलिसांना माहीत आहे म्हणजे झालं."

तिने सगळं केलं होतं. तिचा भरवसा आमच्यावर होता, इतकीच तिची चूक.

मी वरच्या साहेबांना फोन केला आणि शेरा माझाच असल्याचं सांगितलं. मग वॉचमनला म्हणालो, "जा, घरी जा. चूक आमची झाली." थोबाडीत देणाऱ्या हवालदारालाही माफी मागायला लावली. त्याने ती जमिनीकडे बघत मागितली. बिल्डरच्या ठेकेदाराला मी स्वतः जाऊन भेटलो, पण पोलिसांनी नेलेला माणूस मला नको, म्हणाला. मुंगीएवढाही गुन्हा नसलेल्या माणसाची नोकरी माझ्या एका शेऱ्याने गेली. पुढे त्या मुलीच्या वडिलांनी ओळखीने त्याला दुसरीकडे काम लावून दिलं. त्याचं श्रेय माझं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासाचं तंत्र त्यात फारसं नव्हतं, ते मुंग्यांनी केलं. मी शिकलो ते एवढंच, की माणूस कोण आहे हे पाहून आपण त्याचं ऐकायचं की नाही हे आधीच ठरवलेलं असतं. बँकेतल्या गृहस्थांचा वीस सेकंदांचा व्हिडिओ मी पाच वेळा पाहिला. वॉचमनचं एक वाक्य मी एक दिवस आणि एक रात्र ऐकलं नाही.

त्या रविवारी तो लगेच गेला नाही. बायको-मुलासह दाराशी घुटमळत राहिला. मग म्हणाला, "सायेब, मला पन एक कागद द्या. मी काय केला नाय, असा. परत कोनी धरला तर दाखवीन."

असा दाखला देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्याला कागदोपत्री अटकच नव्हती, तर सुटका तरी कशाची लिहिणार? तरी मी ठाण्याच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. सदर इसमाने कोणताही गुन्हा केलेला नाही, तो सुरुवातीपासून खरे सांगत होता. खाली आद्याक्षरं न टाकता पूर्ण सही केली, शिक्का मारला आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवला.

त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. पायरी उतरून पुन्हा मागे वळला.

"सायेब," त्याने विचारलं, "ह्यो तरी वाचतील ना?"